'विदाउट प्रेज्युडिस' लिहिलेलं पत्र आलंय. कबुली धरायची का, चेक भरायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एका कंपनीच्या ऑफिसचं पार्टिशन, फॉल्स सीलिंग आणि फर्निचरचं काम करून दिलंत. शेवटच्या बिलाचे 8,40,000 रुपये यायचे आहेत आणि काम संपून 2 वर्षं 4 महिने झालेत. कंपनीचं म्हणणं, कामात दोष आहेत. आता त्यांच्या वकिलाचं पत्र आलंय. वर ठळक अक्षरांत 'विदाउट प्रेज्युडिस', आत 5,00,000 रुपये 'फुल अँड फायनल' म्हणून देण्याचा प्रस्ताव, सोबत तेवढ्याच रकमेचा चेक आणि शेवटी एक ओळ: मान्य नसल्यास चेक परत पाठवावा. तुम्ही विचारलंय की त्या दोन शब्दांचा अर्थ काय, निदान पाच लाख तरी कंपनीने कबूल केले असं कोर्टात दाखवता येईल का, चेक भरावा का, आणि उत्तरावर आपणही तेच शब्द लिहावेत का.

आधी सरळ उत्तरं देतो. ते पत्र पाच लाखांची कबुली म्हणून वापरता येणार नाही. चेक आत्ता बँकेत टाकू नका. आणि उत्तर एका पत्रात देऊ नका. दोन वेगळी पत्रं लिहा, त्यातल्या एकावरच हे शब्द येतील. पण तुमच्या प्रकरणातली खरी अडचण या शब्दांच्या अर्थात नाही, ती 2 वर्षं 4 महिने या आकड्यात आहे. तिच्याकडे येतोच.

इथे प्रेज्युडिस म्हणजे हक्काला लागणारी बाधा. आपल्याकडच्या नोटिशींत 'हक्क अबाधित ठेवून' असं जे लिहितात, ते हेच. पत्र लिहिणारा म्हणतो: भांडण मिटावं म्हणून मी काही सोडायला तयार आहे, पण तुम्ही ते स्वीकारलं नाहीत तर मी काही सोडायला तयार होतो हे माझ्याविरुद्ध वापरायचं नाही. 1889 सालच्या वॉकर विरुद्ध विल्शर या इंग्लंडमधल्या निकालात लॉर्ड जस्टिस लिंडली यांनी याची दोन टोकं नीट मांडली आहेत. अटी नाकारल्या गेल्या तर लिहिणाऱ्याची बाजू पत्रापूर्वी जिथे होती तिथेच राहते. अटी स्वीकारल्या गेल्या तर मात्र पूर्ण करार उभा राहतो आणि वर काहीही लिहिलेलं असलं तरी ते पत्र बंधनकारक होतं. हा दुसरा भाग बहुतेकांच्या लक्षात राहत नाही, आणि तुमच्या चेकचा प्रश्न नेमका त्यातच अडकला आहे.

भारतीय कायद्यात ही गोष्ट 1872 च्या एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या कलम 23 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चं कलम 21 आलं. गाभा तोच आहे. दिवाणी प्रकरणात कबुली दोन परिस्थितींत पुराव्यात येत नाही. एक, ती देतानाच 'याचा पुरावा द्यायचा नाही' अशी स्पष्ट अट घातली असेल तर. दोन, पुरावा द्यायचा नाही हे दोन्ही बाजूंमध्ये ठरलं होतं, असा निष्कर्ष कोर्टाला परिस्थितीवरून काढता येत असेल तर. या कलमात 'विदाउट प्रेज्युडिस' हे शब्द कुठेही नाहीत. म्हणून शब्द नसतानाही पत्राला संरक्षण मिळू शकतं, आणि शब्द असूनही न मिळणं शक्य आहे. वर मारलेल्या या दोन शब्दांच्या शिक्क्याखाली काय लिहिलंय ते कोर्ट वाचतं.

असं पत्र हातात आलं की मी आधी एवढंच बघतो: ते लिहिलं तेव्हा दोन्ही बाजूंत खरा वाद होता का, आणि पत्रात तो मिटवण्यासाठी कुणी काही सोडतंय का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर संरक्षण पक्कं समजायचं. वादच नसेल, देणं मान्य असेल आणि मागणी फक्त सवलतीची असेल, तर शिक्का कितीही मोठा मारला तरी त्याचा भरवसा नाही.

हा फरक इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या, दोन निकालांत चांगला दिसतो. 2006 च्या ब्रॅडफर्ड अँड बिंगली विरुद्ध रशीद या प्रकरणात कर्जदाराच्या वतीने गेलेल्या पत्रांत बाकी नाकारलेली नव्हती. वेळ आणि रकमेत सूट तेवढी मागितली होती. ती पत्रं कर्जाची कबुली म्हणून पुराव्यात आली. 2009 च्या ऑफुलू विरुद्ध बॉसर्ट प्रकरणात मालकी आणि ताब्याचा वाद चालू होता. ताब्यात असलेल्या बाजूने 'विदाउट प्रेज्युडिस' पत्र लिहून ती मिळकत विकत घेण्याची तयारी दाखवली होती. विकत घेतो म्हणजे समोरच्याची मालकी मानली, असा अर्थ पुढे काढायचा प्रयत्न झाला. तो चालला नाही, कारण ते पत्र खऱ्या वादात तडजोडीसाठी लिहिलेलं होतं. आपल्या कोर्टांवर हे निकाल बंधनकारक नाहीत, पण युक्तिवादात त्यांचा आधार घेतला जातो, आणि तर्क आपल्या कलमाशी जुळणारा आहे.

आता तुमचं पत्र. कंपनी कामात दोष असल्याचं म्हणते, म्हणजे वाद आहे. 8,40,000 पैकी काहीच देणं लागत नाही अशी भूमिका ठेवूनही 5,00,000 देऊ करते, म्हणजे तडजोड आहे. हे संरक्षित पत्राचं अगदी सरळ उदाहरण झालं. 'पाच लाख देतो' आणि 'पाच लाख देणं लागतो' ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि कंपनीने फक्त पहिलं केलंय. काही गोष्टींनी हे चित्र बदलू शकतं. त्याच वकिलाने किंवा कंपनीच्या अकाउंट्सने आधी साध्या ईमेलमध्ये 'तुमची बाकी पुढच्या तिमाहीत देऊ' असं लिहिलं असेल आणि त्या ईमेलमध्ये दोषांचा उल्लेखही नसेल, तर तो ईमेल तुमचा. नंतर शिक्का मारलेलं पत्र आलं म्हणून आधीचे खुले कागद झाकले जात नाहीत.

म्हणून कबुली त्या पत्रात न शोधता बाकीच्या कागदांत शोधा. काम पूर्ण झाल्यावर सही झालेली मोजमापं, ताबा दिल्याची पोच, 'काम छान झालं' असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश, आधीच्या हप्त्यांचे बँकेतले व्यवहार, हे सगळं काढा. आणि फॉर्म 26एएस, म्हणजे तुमच्या नावावर कुणी किती टीडीएस (पैसे देताना कापलेला आयकर) भरला ते दाखवणारं आयकर खात्याचं विवरण, नक्की उघडून बघा. टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात जमा दाखवताना, यापैकी जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. कंपनीने तुमचं शेवटचं बिल आपल्या पुस्तकात घेऊन त्यावर टीडीएस भरला असेल तर ती नोंद तिथे दिसते: कंपनीचं नाव, तारीख, रक्कम. एवढ्यावर दावा जिंकता येतो असं नाही, पण 'हे बिल आम्ही कधी मान्यच केलं नव्हतं' हे म्हणणं त्यानंतर फार अवघड होतं. वकिलाच्या बंद, म्हणजे कोर्टात दाखवता न येणाऱ्या, पत्रापेक्षा ही एक ओळ तुमच्या जास्त कामाची आहे.

आता मुदत. लिमिटेशन अ‍ॅक्ट, 1963 च्या परिशिष्टातल्या अनुच्छेद 18 प्रमाणे, सांगितल्यावरून केलेल्या कामाचे पैसे मागण्यासाठी, पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर काम संपल्यापासून 3 वर्षं मिळतात. तुमच्या करारात बिलानंतर अमुक दिवसांत पैसे देण्याची अट असेल तर मोजणीची सुरुवात बदलेल. ती तारीख करार बघूनच ठरवा. काम संपल्याच्या तारखेपासून धरलं तर तुमच्या हातात 8 महिने आहेत. तडजोडीची बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. पत्रापत्रीत महिने जातात, सूर सौम्य असतो, आकडा थोडा थोडा वर सरकतो, आणि तीन वर्षं उलटली की समोरून उत्तर येणं बंद होतं. माझ्या कामात अशा प्रकरणांत सर्वांत जास्त नुकसान इथे होताना दिसतं.

त्याच कायद्याच्या कलम 18 प्रमाणे मुदत संपण्याआधी समोरच्याने लेखी, सहीनिशी देणं मान्य केलं तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. कलम 19 प्रमाणे मुदतीच्या आत अंशतः पैसे दिले आणि त्याची सहीनिशी लेखी नोंद असेल तरही तसंच. पण 'विदाउट प्रेज्युडिस' पत्रातली वाक्यं या कामाला लावता येतील असं धरून चालू नका. ते पत्र पुराव्यात येणार नाही याच पायावर कंपनी लढेल, आणि वर सांगितल्याप्रमाणे तिची बाजू भक्कम आहे. बोलणी लांबवायची असतील तर कंपनीकडून खातं मान्य असल्याचं एक खुलं, सहीचं पत्र मागा. मिळालं तर उत्तम. मिळत नसेल तर बोलणी एकीकडे चालू ठेवून दुसरीकडे दाव्याची तयारी सुरू करा.

तुमची रक्कम 3,00,000 च्या वर आहे आणि व्यवहार बहुधा व्यावसायिक वादात मोडतो. तसं असेल तर कमर्शियल कोर्ट्स अ‍ॅक्ट, 2015 चं कलम 12ए लागू होतं: तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीसाठी अर्ज करावाच लागतो. हे सक्तीचं आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या पाटील ऑटोमेशन निकालात सांगितलं आणि तो टप्पा वगळून केलेला दावा फेटाळला जाऊ शकतो. त्या मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळतात. म्हणजे शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबण्यापेक्षा हा अर्ज आत्ताच करण्यात तुमचा दुहेरी फायदा आहे: बोलणीही होतील आणि घड्याळही थांबेल.

चेकबद्दल सावकाश वाचा. पाच लाख हातात आहेत, ते घेऊ आणि उरलेल्यासाठी भांडू, असं वाटणं साहजिक आहे. पण तो चेक अट घालून आलाय. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट, 1872 च्या कलम 8 प्रमाणे प्रस्तावासोबत देऊ केलेला मोबदला घेणं हीसुद्धा प्रस्तावाची स्वीकृती असू शकते. कलम 63 प्रमाणे कमी रक्कम पूर्ण फेड म्हणून घेतली तर सगळं देणं फिटतं. त्या कलमाखालच्या उदाहरणात 5000 रुपयांचं देणं 2000 घेऊन मिटवलेलं आहे, आणि उरलेले 3000 मागता येत नाहीत. भगवती प्रसाद पवन कुमार विरुद्ध युनियन ऑफ इंडिया या 2006 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर जवळपास तुमच्यासारखीच परिस्थिती होती. रेल्वेने नुकसानभरपाईचा चेक पाठवताना लिहिलं होतं की मान्य नसेल तर परत करा. दावेदाराने चेक वटवला आणि हरकतही नोंदवली. न्यायालयाने विचारलं ते एवढंच: हरकत चेक वटवण्याआधीची आहे का? आधीची असल्याचं सिद्ध झालं नाही, आणि चेक वटवणं ही स्वीकृती ठरली.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. पैसे हवेच असतील तर आधी कंपनीला लिहा: आम्ही हा चेक 8,40,000 पैकी अंशतः रक्कम म्हणूनच घेऊ शकतो, उरलेल्या रकमेवरचा हक्क कायम राहील, हे आपल्याला मान्य असल्याचं 10 दिवसांत लेखी कळवा, अन्यथा चेक परत पाठवू. होकार लेखी आला तरच भरा. उत्तर आलं नाही तर परत पाठवा, स्पीड पोस्टाने, चेकची झेरॉक्स आणि पोच जपून ठेवून. नुसता कपाटात ठेवून देणंही बरं नाही. चेक तारखेपासून 3 महिने चालतो, आणि इतके दिवस तो मुकाट्याने ठेवला की 'घेतला म्हणजे पटला' असा युक्तिवाद होतो. काही जण चेकच्या मागे 'अंडर प्रोटेस्ट' लिहून भरतात. ते लिहिलेलं समोरच्यापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे हरकत कळवली असं होत नाही.

आणि इथे लिंडलींचा दुसरा भाग लागू होतो. तुम्ही चेक भरलात तर तडजोड झाली, आणि तडजोड झाली की नाही हे दाखवण्यासाठी तेच 'विदाउट प्रेज्युडिस' पत्र कंपनी उघडपणे कोर्टात आणू शकते. आज जे पत्र तुम्हाला वापरता येत नाही, ते उद्या तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल.

आता तुमचं उत्तर. दोन पत्रं म्हणालो ती अशी. पहिलं खुलं पत्र, त्यावर हे शब्द अजिबात नकोत. त्यात कामाचा तपशील, वर्क ऑर्डरची आणि बिलाची तारीख आणि क्रमांक, काम पूर्ण झाल्याची तारीख, ताबा दिल्याचा पुरावा, दोषांच्या आरोपाला मुद्देसूद उत्तर, 8,40,000 ची मागणी आणि व्याजाची मागणी. व्याजाचं वाक्य विसरू नका. करारात पैसे देण्याची तारीख आणि व्याज लिहिलेलं नसेल, तर इंटरेस्ट अ‍ॅक्ट, 1978 च्या कलम 3 प्रमाणे, व्याज मागत आहोत असं लेखी कळवल्याच्या तारखेपासूनच दाव्याआधीचं व्याज मागता येतं. हीच मागणी 'विदाउट प्रेज्युडिस' पत्रात लिहिली तर ती तारीख सिद्ध करायला जो कागद दाखवायचा, तोच दाखवण्यावर तुम्ही स्वतः हरकतीची सोय करून ठेवली असं होईल.

दुसरं पत्र तडजोडीचं. ते वेगळ्या पाकिटात किंवा वेगळ्या ईमेलमध्ये पाठवा आणि खुल्या पत्रात त्याचा उल्लेखही करू नका. वर नुसते दोन शब्द लिहून थांबू नका, पहिल्या परिच्छेदात अट पूर्ण वाक्यात घाला, कारण आपलं कलम 'स्पष्ट अट' मागतं. मजकूर असा चालेल: 'हे पत्र केवळ तडजोडीच्या बोलणीसाठी, आमचे सर्व हक्क आणि मुद्दे अबाधित ठेवून लिहिले आहे. यातील कोणताही मजकूर कोणत्याही न्यायालयात किंवा लवादापुढे पुरावा म्हणून देता येणार नाही, या अटीवरच ते पाठवले आहे.' मग आकडा. तो किती दिवस खुला, टीडीएस आणि जीएसटी त्यात धरलाय की वेगळा, पैसे एकरकमी की हप्त्यांत, दोष दुरुस्तीचं काय, दोन्ही बाजू एकमेकांवरचे कोणते दावे सोडणार. शेवटी हेही लिहा: 'दोन्ही बाजूंच्या सह्यांचा लेखी तडजोड करार होईपर्यंत काहीही बंधनकारक होणार नाही.' हे वाक्य नसेल तर समोरून 'मान्य' एवढा एका शब्दाचा ईमेल आला तरी करार झाला असं म्हणता येतं, आणि मग हप्ते, दुरुस्ती, कर असं जे ठरायचं राहिलं त्यावर नवं भांडण उभं राहतं.

बोलणी फोनवर गेली तर सुरुवातीलाच 'हे तडजोडीचं बोलणं आहे, हक्क अबाधित ठेवून' असं म्हणा आणि फोन ठेवल्यावर त्याच दिवशी तसा ईमेल टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर आकडे टाकू नका. तिथे कामाचे साधे संदेश आणि तडजोडीचे आकडे एकाच धाग्यात मिसळतात, पुढे कुठली ओळ खुली आणि कुठली बंद यावरच वाद होतो. एकदा बोलणी बंद पत्रांतून सुरू झाली की पुढच्या प्रत्येक पत्रावर शिक्का नसला तरी साधारणपणे ती साखळी संरक्षित धरली जाते. पण त्यातून बाहेर पडून खुलं लिहायचं असेल तर 'हे खुले पत्र आहे' असं स्पष्ट लिहावं लागतं. हे संरक्षण दोघांचं असतं, एकट्याला सोडून देता येत नाही. तुम्ही लिहिलेलं पत्र आहे म्हणून तुम्हालाच ते कोर्टात दाखवायचंय, असं चालत नाही.

ज्या कागदामुळे कायद्याने काहीतरी घडायचं असतं, त्यावर हे शब्द कधीही लिहू नयेत: मागणीची नोटीस, करार संपवल्याची नोटीस, लवाद नेमण्याची नोटीस, सरकारविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खालची नोटीस. चेक न वटल्यावर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 138 खालची नोटीस तर नक्कीच नाही. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत ती जावी लागते, समोरच्याला 15 दिवस मिळतात, आणि पुढचं सगळं प्रकरण त्या नोटिशीवर उभं राहतं. शिवाय साक्ष्य अधिनियमातलं हे संरक्षण दिवाणी प्रकरणांपुरतं आहे. कलम 138 ची तक्रार फौजदारी कोर्टात चालते. तिथे आपल्या तडजोडीच्या पत्राला हे कवच मिळेल असं गृहीत धरून काही लिहू नका.

अपवादही माहीत असावेत. इंग्लंडमधल्या 2000 सालच्या युनिलिव्हर विरुद्ध प्रॉक्टर अँड गॅम्बल निकालात ते एकत्र सांगितले आहेत: तडजोड खरंच झाली का हा वाद असेल तर, ती फसवणुकीने किंवा दबावाने करून घेतली असेल तर, बोलण्याच्या आडून धमकी किंवा उघड गैरकृत्य झालं असेल तर, विलंबाचं कारण दाखवायचं असेल तर, पण तेही बोलणी चालू होती एवढ्यापुरतंच. धमकीचं पत्र शिक्का मारून पाठवलं म्हणून सुरक्षित होत नाही.

एक उपयुक्त प्रकार आपल्याकडे कमी वापरला जातो: 'विदाउट प्रेज्युडिस, खर्चाचा मुद्दा सोडून'. इंग्लंडमध्ये 1975 च्या कॅल्डरबँक प्रकरणावरून याला कॅल्डरबँक ऑफर म्हणतात. निकाल लागेपर्यंत ते पत्र बंद राहतं, आणि दाव्याचा खर्च कुणी द्यायचा हे ठरवताना मात्र न्यायाधीशांना दाखवता येतं. व्यावसायिक दाव्यांसाठी आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35 मध्ये जो बदल झाला, त्यात आणि लवाद कायद्याच्या कलम 31ए मध्ये, तडजोडीचा वाजवी प्रस्ताव नाकारला गेला का हे खर्च ठरवताना बघायला सांगितलंय. त्यामुळे तुम्ही समजा 7,25,000 वर मिटवायला तयार असाल, तर ते अशा पत्रातून लिहा. पुढे दाव्यात त्यापेक्षा जास्त मिळाले तर खर्च मागायला ठोस आधार राहील. आकडा खरोखर वाजवी हवा. 8,40,000 मधले पाच हजार कमी करून पाठवलेल्या पत्राला कुणी प्रस्ताव म्हणणार नाही.

हेच शब्द इतरत्र दिसले तर गोंधळू नका. सगळीकडे ते पुराव्याच्या बंदीबद्दल नसतात. पावतीवर किंवा ना-हरकत दाखल्यावर लिहिले असतील तर अर्थ: हे घेतोय किंवा सही करतोय म्हणून माझा बाकीचा हक्क सोडला असं नाही. भाडेकरूला जागा सोडण्याची नोटीस दिल्यानंतर घरमालक भाड्याच्या पावतीवर हे लिहितो, कारण ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टच्या कलम 113 प्रमाणे नंतर भाडं घेण्यावरून नोटीस सोडून दिली असा अर्थ निघू शकतो. हे कागद उलट मुद्दाम कोर्टात दाखवायचे असतात. तुमच्या धंद्यात याचं महत्त्व मोठं आहे: शेवटचं बिल देण्याआधी 'आता काहीही बाकी नाही' अशा दाखल्यावर सही मागतात. एनटीपीसी विरुद्ध रेश्मी कन्स्ट्रक्शन्स या 2004 च्या निकालात ठेकेदाराने अशा दाखल्यावर सही केली, पण ती हक्क अबाधित ठेवून आणि नाइलाजाने केल्याचं पत्र लगेच दिलं होतं. त्यामुळे त्याचा लवादाकडे जाण्याचा मार्ग बंद झाला नाही. महिन्यांनी आठवून लिहिलेल्या पत्राला ती किंमत नसते.

कोर्टाच्या आदेशात हे शब्द आले तर बहुधा अर्थ असतो की हा अर्ज किंवा दावा इथे संपला तरी पुन्हा दाद मागायची मुभा आहे. दावा मागे घेताना मात्र गृहीत धरू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 23 नियम 1 प्रमाणे नव्या दाव्याची परवानगी मागून घ्यावी लागते, नाही तर त्याच विषयावर पुन्हा दावा येत नाही. आणि नियम 2 प्रमाणे, परवानगी मिळाली तरी मुदत पहिला दावा झालाच नव्हता असं धरून मोजतात. कायद्यांत 'वरील तरतुदीच्या व्यापकतेला बाध न येऊ देता' असं येतं, तेव्हा पुढची यादी फक्त उदाहरणादाखल असते. 1945 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या आपल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, शिबनाथ बॅनर्जी प्रकरणात हे ठरवून टाकलं.

राहिली एक शक्यता. पुढे दाव्यात कंपनीने तुमचं 7,25,000 चं बंद पत्र तिच्या कैफियतीला, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तराला, जोडलं तर त्यातल्या मजकुराचं स्पष्टीकरण देत बसू नका. उत्तर दिलं की मजकूर चर्चेत आला. पहिल्याच संधीला लेखी हरकत द्या की हे पत्र कलम 21 प्रमाणे पुराव्यात येत नाही, आणि साक्षीच्या वेळी ते पुढे केलं जाईल तेव्हा, त्यावर निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडण्याआधी, तीच हरकत पुन्हा नोंदवायला तुमच्या वकिलांना सांगा. हाच नियम तुम्हालाही लागू आहे. दाव्याला कागद जोडताना कंपनीचं 5,00,000 चं पत्र गठ्ठ्यातून आधी बाजूला काढा.